कर्बकपातीचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस झाशीत पारा ४९ अंशांवर गेला. वातानुकूलित दालनांत बसणाऱ्यांच्या दृष्टीने ती वर्तमानपत्रातील एक बातमी होती. गिट्टी फोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या आणि रुळांवर राबणाऱ्या कामगारांच्या ते जिवावर बेतणारे संकट होते. हरितगृह वायूंच्या संचयात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, त्यांनाच तापमानवाढीचे चटके सर्वांत आधी बसतात. भारतात दरडोई कर्बवायूचे उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे, तर अमेरिकेत सुमारे १४ टन. तेव्हा या पापाची मुख्य जबाबदारी साम्राज्यवादी देशांवर आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तेवढ्यावर थांबणेही योग्य नव्हे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट भारत सरकारने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. ही कपात कोण ठरविणार आणि तिची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न त्या दिवसापासून कष्टकरी जनतेच्या दारात उभा आहे.

या प्रश्नाचे स्वरूप झाशीत स्पष्ट दिसते. कानपूरच्या रस्त्यावर, बेतवेच्या काठी पारीछाचे औष्णिक वीजकेंद्र आहे. १९८० च्या दशकात उभारलेले त्याचे ११० मेगावॅटचे दोन संच मोडीत निघाले. २००६ नंतर उभारलेल्या चार संचांची क्षमता ९२० मेगावॅट आहे. वीज तारांवरून दूर जाते, राख मात्र जवळच्या गावांच्या वाट्याला येते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात झाशीचा समावेश झाला. पण तो कार्यक्रम शहराचा आणि हवेतील धूलिकणांचा, तर चिमणी शहराबाहेरची आणि कर्बवायू डोळ्यांना न दिसणारा. गरौठा येथे ६०० मेगावॅटच्या सौरऊर्जा उद्यानाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. २०२३ मध्ये ३३ गावांच्या जमिनीवर नवे औद्योगिक नगर वसविण्यासाठी बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण आले. एका खात्याने धूर मोजायचा, दुसऱ्याने सूर्यप्रकाश विकायचा, तिसऱ्याने शेतजमीन घ्यायची, अशी ही विभागणी आहे. नव्या नगरातील कामगार कोठे राहील, कामावर कशाने जाईल, त्याच्या कारखान्याला वीज कोठून येईल, हे एकत्र ठरविल्याखेरीज उत्सर्जनाचा हिशेब कधीच जुळणार नाही.

त्यातच राज्यांची सीमा आडवी येते. १८५४ मध्ये ब्रिटिशांनी नेवाळकरांचे झाशी राज्य खालसा केले. शेजारची ओरछा व दतिया ही संस्थाने राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती दोन्ही मध्य प्रदेशात गेली आणि झाशी उत्तर प्रदेशात राहिली. संस्थानिकांच्या काळातील ही रेघ धुराला दिसत नाही आणि नदीलाही दिसत नाही. ती दाखविली जाते फक्त मजुराला. मे २०२० मध्ये पायपीट करीत परतणारे हजारो मजूर झाशीजवळील रक्सा सीमेवर अडविले गेले, हे देश विसरलेला नाही.

ही सीमा ओलांडून नियोजन करता येत नाही, हा बहाणा मात्र टिकणारा नाही. राजघाट धरणासाठी १९७६ च्या कायद्याने बेतवा नदी मंडळ स्थापन झाले. त्यात दोन्ही राज्ये होती आणि त्याचे मुख्यालय झाशीतच ठेवले होते. पाण्यासाठी जे जमले, ते हवेसाठी का जमू नये? जिल्ह्यापुरते साधन तर संविधानातच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे. पंचायती व नगरपालिका यांच्या योजना एकत्र करणे, पाणी व इतर नैसर्गिक साधनांचे वाटप आणि पर्यावरणाचे रक्षण लक्षात घेऊन जिल्ह्याचा आराखडा तयार करणे, हे तिचे काम. तिचे किमान चार पंचमांश सदस्य लोकनियुक्त संस्थांमधून निवडून यावे लागतात. भांडवलशाहीचा बालेकिल्ला असलेल्या अमेरिकेतही कॅलिफोर्निया राज्याला २००८ मध्ये कायदा करून प्रत्येक महानगर-प्रदेशाला वाहनांचा धूर, घरे आणि जमिनीचा वापर यांचे एकत्र नियोजन करायला लावावे लागले. बाजारपेठ हे काम आपोआप करीत नाही, याची ती कबुलीच होय.

केरळने १९९६ मध्ये लोकनियोजनाची मोहीम सुरू केली. त्या परंपरेतूनच वायनाडमधील मीनंगाडी पंचायतीने २०१६ मध्ये कर्ब-संतुलित होण्याचा संकल्प सोडला. तेथे शेतकऱ्याला झाड तारण ठेवून प्रत्येक झाडामागे वर्षाला ५० रुपये बिनव्याजी कर्ज मिळण्याची सोय करण्यात आली. झाशीजवळही असे बीज आहे. परासई-सिंध पाणलोटातील तीन गावांत २०११ पासून केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्थेच्या साहाय्याने जुनी 'हवेली' बंधारा-पद्धत पुन्हा उभी राहिली आणि विहिरींना पाणी आले. पाणी टिकले तर झाड टिकते, झाड टिकले तर कर्ब जमिनीत राहतो आणि माणूस गाव सोडत नाही.

याउलट, वरून लादलेल्या कपातीचा मार्ग ठरलेला असतो. संच बंद झाला की कायम कामगाराची बदली होते आणि कंत्राटी कामगार रस्त्यावर येतो. सौर उद्यानासाठी जमीन गेली की मालकाला मोबदला मिळतो. बटाईने कसणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. अशा वेळी वंचित झालेला कामगार हवामानाच्या प्रश्नालाच आपला शत्रू समजू लागतो, आणि कोळशाच्या मक्तेदारांना तेच हवे असते.

म्हणून झाशीच्या कामगार व किसान चळवळीने हा प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसता कामा नये. जिल्हा नियोजन समितीची बैठक जनतेसमोर व्हावी व तिच्यापुढे उत्सर्जनाचा गावनिहाय हिशेब यावा. दतिया, निवाडी व झाशी यांचे संयुक्त मंडळ नेमले जावे. पारीछाचा कोणताही संच बंद करण्यापूर्वी तेथील प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या पर्यायी रोजगाराची हमी लेखी मिळावी. ट्रान्सफॉर्मर व रेल्वे इंजिने बनविणाऱ्या झाशीच्या भेल कारखान्याला नव्या वीजजाळ्याची कामे मिळावीत. सौर उद्यानाच्या मोबदल्यात बटाईदाराचा वाटा असावा. या मागण्या कोणत्याही ग्रामसभेत समजतील इतक्या साध्या आहेत आणि त्यांची लढाईही तेथूनच सुरू झाली पाहिजे.