बाटली तीच, पाककृती निराळी

वैशाखात भर दुपारी रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरीला उतरावे, म्हणजे तहान कशाला म्हणतात ते कळते. दोन्ही बाजूंना कारखाने, गोदामे, रांगेने उभ्या मालमोटारी आणि त्यांच्या सावलीला टेकलेले चालक. टपरीवर बर्फात पुरलेल्या रंगीत बाटल्या. शिफ्ट सुटली की कामगार तेथे घटकाभर थांबतो, एक बाटली उभ्या उभ्या संपवतो आणि दुसरी मुलासाठी घरी नेतो.

अशाच एखाद्या मराठी घरात आजी ती बाटली उजेडात धरते, घोटभर चाखते आणि म्हणते, "आमच्या वेळी याची चव अशी नव्हती रे." नातू हसतो. "आजी, पेय तेच आहे. तुझी जीभच बदलली असेल."

जीभ बदललीही असेल. पण आजी अगदीच चुकते आहे असे नाही. संत्र्याच्या आणि लिंबाच्या स्वादाची जी ढगाळ पेये घरोघरी पाहुण्यांपुढे ठेवली जात, त्यांच्या घटकांत भारतात 1990 मध्ये खरोखरच फेरबदल करावा लागला. लिंबू-संत्र्याचा वास असतो सालीतल्या तेलात. तेल पाण्याहून हलके. रश्श्यावर तर्री यावी तसे ते वर येते आणि बाटलीच्या गळ्याशी त्याचे कडे जमते. असे कडे दिसलेली बाटली कोण विकत घेणार? म्हणून वनस्पती तेलाला ब्रोमीन हे जड मूलद्रव्य जोडून केलेले तेल त्यात मिसळत. दोन्ही मिळून वजन पाण्याइतके झाले की स्वाद तळापासून गळ्यापर्यंत सारखा राहतो आणि पेयाला फळाच्या रसासारखा गढूळपणा येतो. रस नसला तरी रसाचा भास!

या तेलातले ब्रोमीन शरीरातल्या चरबीत साठून राहते, ही शंका जुनी आहे. अमेरिकेने 1970 मध्येच ते निर्धोक पदार्थांच्या यादीतून काढले, पण अल्प प्रमाणात वापरायला मुभा ठेवली. भारताने मात्र 1990 मध्ये ते सरळ बंद केले. कारखानदारांना दुसरे उपाय शोधावे लागले. झाडाच्या राळेपासून केलेला एस्टर गम आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक हे त्यांतले. म्हणजे बाळंतिणीच्या लाडवातल्या डिंकाचा जातभाईच शीतपेयाच्या बाटलीत गेला. अमेरिकेने ती मुभा काढून घेतली 2024 च्या जुलैमध्ये, उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉइड ग्रंथीवर दुष्परिणाम दिसल्यावर. आपल्यानंतर तब्बल 34 वर्षांनी. प्रत्येक गोष्टीत तिकडचे पुढे आणि आपण मागे, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

बाटलीत काय आहे ते सांगा, ही मागणी आपल्याकडे त्याआधीही झाली होती. विदेशी चलन नियमन कायद्याप्रमाणे कोका-कोला कंपनीने भारतातला आपला वाटा 40 टक्क्यांवर आणावा आणि पेय बनवण्याचे तंत्रही द्यावे, असा आग्रह जनता सरकारने धरला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. कंपनीने गुपित उघड करण्यापेक्षा 1977 मध्ये देश सोडणे पसंत केले. मोकळ्या जागेत सरकारी 'डबल सेव्हन' आले, तसेच मुंबईच्या पार्लेचे 'थम्स अप' आले. सरकारी पेय फार टिकले नाही. थम्स अपची चव मात्र लोकांच्या तोंडात अशी बसली, की 1993 मध्ये परतलेल्या कोका-कोलाने पार्लेची पेये विकत घेतली तरी हे एक पेय तिला चालूच ठेवावे लागले. गोल्ड स्पॉटच्या नशिबी ते नव्हते.

चवीला हात लावण्याची शिक्षा त्या कंपनीने आपल्या घरीही भोगली होती. 1985 च्या एप्रिलमध्ये तिने मूळ पेयाची पाककृती बदलली. जवळजवळ दोन लाख लोकांना नाव न सांगता चाखायला दिले होते आणि बहुतेकांनी नव्या, जास्त गोड चवीला पसंती दिली होती. तरी पेय बाजारात येताच तक्रारींचा पाऊस पडला आणि 79 दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. घोटभर चाखणे वेगळे आणि रोज पिणे वेगळे. सुनेच्या पहिल्या दिवशीच्या आमटीचे कौतुक करणारे सासरे महिनाभराने आपल्या बायकोच्या हातची आमटी मागतात, त्यातलाच हा प्रकार.

पण जी गोष्ट पाककृतीत नसते आणि तरीही बाटलीत येते, तिचे काय? दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने ऑगस्ट 2003 मध्ये 12 पेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी इन्कार केला. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि फेब्रुवारी 2004 मध्ये समितीने संस्थेचे निष्कर्ष ग्राह्य धरले. कारखाना जमिनीतले पाणी उपसतो आणि शेतातले औषध त्याच पाण्यात झिरपते. तेथे गुप्त पाककृती काय करणार?

याचा एक विचित्र जोडधागा याच छत्तीसगडात निघाला. 2004 साली दुर्ग, राजनांदगाव आणि धमतरी भागांतले शेतकरी धानावर चक्क शीतपेये फवारत असल्याच्या बातम्या आल्या. महागड्या औषधापेक्षा हे स्वस्त पडते आणि किडी मरतात, असे त्यांचे म्हणणे. बातमी वाचून अनेकांनी अर्थ काढला, की बाटलीतच कीटकनाशक आहे! तज्ज्ञांनी सांगितलेले कारण साधे होते. साखरेला मुंग्या येतात आणि त्या मुंग्या किडीच्या अळ्या खातात. हे काम गुळाच्या पाण्यानेही झाले असते.

साखर हीच या साऱ्यातली उघडी गोष्ट, आणि तिच्याकडेच कोणाचे लक्ष नसते. साध्या कोलात 100 मिलिलिटरला 10 ते 11 ग्रॅम साखर असते. 300 मिलिलिटरची बाटली म्हणजे सहा-सात चमचे. ब्रिटनमध्ये 2018 साली साखरेवर कर बसला, तेव्हा स्कॉटलंडच्या लाडक्या 'आयर्न-ब्रू'ने साखर निम्म्याहून कमी केली, आणि लोकांनी जुन्या बाटल्यांचा साठा करून ठेवला.

भनपुरीच्या त्या आजीने नातवाशी वाद घातला नाही. साखरेचा डबा आणि एक ताटली पुढे ठेवून ती म्हणाली, "बाटलीवरचे बारीक अक्षर मला दिसत नाही. तू वाच आणि तेवढी साखर यात काढ." चौथ्या चमच्याला तो थांबला आणि पुन्हा बाटली वाचू लागला. आजीने तोवर कैऱ्या उकडायला ठेवल्या होत्या. पन्ह्यात किती गूळ घालायचा, ते तिने त्यालाच विचारले.