टम्म फुगलेल्या भाकरीपाशी

भाकरी तव्यावरून विस्तवावर जाते आणि क्षणभर काहीच होत नाही. मग कडेला एक छोटा फुगा उठतो, सरकत मधोमध येतो, दुसऱ्या फुग्याला जाऊन मिळतो आणि बघता बघता सगळी भाकरी टम्म फुगते. घरोघरी हे रोज घडतं. बघतं कोण? करणारीचं लक्ष तेवढं तिच्यावर असतं. जेवणारे मोबाइलमध्ये डोकं घालून ताटाची वाट बघत असतात.

आनंद हवा तर सुट्टी टाकावी लागते, गाडी काढून घाट उतरावा लागतो, हा समज हल्ली फार पक्का झाला आहे. सहली जरूर कराव्यात. पण इतकं मोठं नवल ओट्यावर घडत असताना त्याच्याकडे पाठ फिरवून बसायचं, हे नुकसानच.

गव्हाची कणीक ग्लुटेनमुळे ताणली जाते. ज्वारीत ग्लुटेन नाही, तरी भाकरी एकसंध राहते. ताज्या पिठाला अंगचा चिकटपणा असतो. बायका त्याला विरी म्हणतात. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि थापताना काठ चिरतात. मग त्यात आधणाचं पाणी पडतं. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि गोळा धरून राहतो. तव्यावर वरून पाण्याचा हात फिरतो, भाकरी उलटते, दोन्ही अंगं शेकून घट्ट होतात आणि मधला ओलावा कोंडला जातो. पाण्याची वाफ झाली की तिला १,६०० पटींहून जास्त जागा लागते. तीच वाफ पापुद्रा सोडवून उचलून धरते. कुठे बारीकशी चीर असली तर वाफ निसटते आणि भाकरी फुगतच नाही.

तवा तापला का हे बघायला पाणी शिंपडतात, तेही असंच. बेताच्या तव्यावर थेंब चर्र करून विरतो. फार तापलेल्या तव्यावर त्याचा मोती होतो आणि तो नुसता पळत सुटतो, कारण खालच्या वाफेच्या थराने त्याला तव्यापासून उचललेलं असतं. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने तापून लाल झालेल्या लोखंडी चमच्यात थेंब सोडून हे पाहिलं आणि १७५६ साली लिहून ठेवलं. चमचा निवत गेला तसे पुढचे थेंब लवकर संपू लागले, हेही त्याने टिपलं.

आता एक खरी अडचण. मे महिन्यात विस्तवापुढे वीस भाकऱ्या थापणारीला ‘यातलं नवल बघ’ असं सांगणं म्हणजे तिच्या घामाची थट्टा आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतातली, चुलीपुढची कामं करता करताच त्यांना गाणी सुचली. पण ती त्यांची थोरवी. तिच्या आडोशाने बाकीच्यांनी नुसतं ताटावर बसून राहू नये.

म्हणून रविवारी घरातल्या मुलाने, मुलीने आणि बाबांनीही परातीपुढे बसावं. पहिली भाकरी काठाला चिरेल, दुसरी उचलतानाच तुटेल. तिसरी किंवा पाचवी कधीतरी फुगेल, आणि ती बघायला तव्याभोवती सगळं घर गोळा होईल.