ओसरीला ‘रूम’ म्हणूं नका

गेल्या महिन्यांत एका आप्तांच्या मुलीची इंग्रजीची वही सहज माझ्या हातीं आली. ‘आमचें जुनें घर’ ह्या विषयावर सोप्या इंग्रजींत दहा वाक्यें लिहावयाचीं होतीं. मुलीनें ‘ओसरी’, ‘माजघर’ आणि ‘देवघर’ हे शब्द रोमन लिपींत जसेच्या तसे लिहिले होते. तांबड्या शाईनें त्या तिहींवर काट मारून शिक्षकांनीं वर एकच शब्द बसविला होता: ‘रूम’! परिणाम असा झाला कीं, घराला सहा ‘रूम’ मिळाल्या आणि घर मात्र नाहींसें झालें. त्या तांबड्या शाईविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथमच सांगून टाकतों कीं, सोप्या इंग्रजीशीं माझें वैर नाहीं. तीस वर्षें ती भाषा शिकवीत असतां मला जो खरा शत्रु भेटला, तो पोकळ शब्दावडंबर हा होय. ‘भव्य प्रासाद’, ‘गतवैभवाचा मूक साक्षीदार’ अशा अर्थाचीं वाक्यें घोकून आलेल्या विद्यार्थ्याला त्या प्रासादाचीं दारें किती, हें सांगतां येत नाहीं. ‘भिंत मातीची आहे, छप्पर कौलांचें आहे’ एवढेंच लिहिणारी मुलगी त्याच्याहून शतपट बरी. सी. के. ऑग्डेन ह्यांनीं १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ सिद्ध केली. तींत क्रियापदें केवळ १८. तरीहि पुष्कळसा व्यवहार तेवढ्यांत सांगतां येतो. १९४३ सालीं हार्वर्ड येथील भाषणांत चर्चिल ह्यांनीं तिची भलावण केली होती. पुढें तिचा बोलबाला ओसरला; परंतु मोजक्या शब्दांनीं परभाषेचा आरंभ करावा, ही कल्पना पाठ्यपुस्तकांत टिकून आहे, आणि ती टिकावी.

चूक होते ती ह्याच्या पुढें. ऑग्डेन ह्यांच्या यादींत भिंत, दार, खिडकी, छप्पर, वीट आणि कमान ह्यांना जागा आहे. उंबरठा, खांब आणि चौक ह्यांना नाहीं. म्हणून आमचा वाडा सोप्या इंग्रजींत सांगतांच येणार नाहीं काय? अवश्य येईल. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजांतील लहान दार. खण म्हणजे दोन खांबांमधील जागा, जिच्यावरून घराची मोजणी होई. हीं वाक्यें कोणत्याहि सोप्या भाषेंत बसतात. वर्णन सोपें करावें. नांव मात्र पुसूं नये. ओसरी चौकाच्या बाजूनें मोकळी असे. आल्यागेल्यानें तेथें टेकावें, पाणी प्यावें, काम सांगावें. माजघर आंत, घरच्या माणसांचें. ह्या दोहोंमधील अंतर फुटांनीं मोजावयाचें नसून, परक्यानें कोठवर यावें ह्यावरून मोजावयाचें असे. दोहोंस ‘रूम’ म्हटलें कीं भिंती राहतात आणि त्यांच्यामध्यें राहणारी रीत पुसली जाते.

‘पण परकीय वाचकाला ओसरी कशी कळणार?’ असा आक्षेप येईल. ज्याला ती कळत नाहीं त्याला एका वाक्यांत सांगावी. वर्णनाचा हेतु तोच नव्हे काय? ‘बंगला’ हा आमच्याकडील शब्द इंग्रजांनीं ‘बंगलो’ करून देशोदेशीं नेला, तो कोणाच्या यादीची परवानगी घेऊन नव्हे. ‘बेसिक’च्या कैवाऱ्यांचेंच उदाहरण घ्या. त्या भाषेंतील संपूर्ण बायबल १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यासाठीं मूळ ८५० शब्दांना बायबलचे म्हणून ५० आणि काव्यासाठीं १०० शब्द जोडावे लागले. आपल्या धर्मग्रंथासाठीं त्यांनीं कुंपण मोकळें केलें, हें योग्यच झालें. मग आमच्या घराला दहा शब्द देतांना आमच्याच शिक्षकांचा हात कां आखडावा?

खरी हानि इंग्रजीची नव्हे, मराठीची आहे. पुण्यांत दुसऱ्या बाजीरावानें १८०७ सालीं बांधविलेल्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे लांकडी खांब अजून पाहतां येतात. परंतु साधे वाडे एकामागून एक उतरविले गेले. त्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत वाढणाऱ्या मुलांनीं देवडी, पडवी, फडताळ हे शब्द ऐकावे तरी कोठें? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार! पुष्कळ मुलांच्या बाबतींत शाळेंतील हा निबंध हाच आजीला ‘ह्याला काय म्हणत?’ असें विचारण्याचा एकुलता एक प्रसंग असतो. त्याच प्रसंगीं आम्ही काट मारतों, आणि मूल असें शिकतें कीं, ज्याला इंग्रजी नांव नाहीं त्याला नांवच नाहीं.

पालकांना माझी विनंति एवढीच आहे. आपल्या मुलाला एका संध्याकाळीं घरांतील वडील माणसाजवळ बसवा; जुन्या घराच्या दहा भागांचीं नांवें लिहून घ्या, आणि प्रत्येकापुढें सोप्या इंग्रजीचें एक वाक्य लिहावयास सांगा. वहीवर पुन्हां तांबडी शाई उमटली, तर शाळेंत जाऊन नम्रपणें सांगा कीं, बायबलला दीडशें शब्द अधिक मिळाले, आमच्या ओसरीला एक मिळूं द्या.