जाहिराती पळविणारे बोट

परवा वर्गात एक लहानसा प्रसंग घडला. बालाघाटच्या माझ्या वर्गात सायंकाळी आठदहा मुले बसतात. बहुतेक गावातली, दोघे वारासिवनीहून येतात. विलंबित ख्यालाचे एक जुने ध्वनिमुद्रण मी त्यांना ऐकवीत होतो. क्षणभर बाहेर गेलो आणि परत येतो तो काय, गवई एकदम तानांवर पोहोचलेला! चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाने फोनच्या पडद्यावर टिचक्या मारून गाणे पुढे पळविले होते. विचारले, तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, "सर, सुरुवातीला तसं काही नसतं. घरी आम्ही जाहिराती अशाच पळवतो."

मला राग आला नाही, काळजी वाटली. ज्या बोटाने साबण पळविला त्याच बोटाने आलाप पळविला, आणि दोन्हींत काही भेद आहे हे त्या बोटाला ठाऊकच नव्हते. म्हणून या बोटाचा इतिहास जरा पाहावा असे मनात आले.

घरी कार्यक्रम मुद्रित करून सवडीने पाहण्याची सोय व्हीसीआरने आणली. सोनीच्या बेटामॅक्स यंत्राविरुद्ध अमेरिकेतील चित्रपट कंपन्या न्यायालयात गेल्या. परंतु घरच्या घरी, नंतर पाहण्यासाठी केलेले मुद्रण हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन नव्हे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. पुढे जाहिरात आपोआप ओलांडणारी पेटी निघाली. २००१ साली रिप्लेटीव्हीच्या निर्मात्यांवर वाहिन्यांनी दावे लावले, आणि २००३ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे वाजले. २०१२ साली डिश नेटवर्कने तशीच सोय पुन्हा आणली. न्यायालयाने तिला तातडीची मनाई केली नाही. तरी वाहिन्यांशी झालेल्या तडजोडींत, प्रक्षेपणानंतरचे काही दिवस ती सोय बंद ठेवण्याचे डिशला मान्य करावे लागले. यातले इंगित असे की, २००७ पासून तेथे जाहिरातींचा भाव पहिल्या तीन दिवसांत ती जाहिरात किती लोकांनी पाहिली यावरून ठरू लागला होता. तीन दिवसांनंतरच्या प्रेक्षकाने काय पळविले, याचे वाहिन्यांना फारसे सोयरसुतक नव्हते.

आपल्याकडे मुद्रण करणारी पेटी टाटा स्कायने २००८ साली आणली. तिच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. येथला तंटा जाहिरातींच्या मिनिटांचा. तासाभरात बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नसाव्यात, असे १९९४ च्या केबल नियमांत २००६ साली घातले गेले. ते पाळले जाईना, म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ आणि २०१३ साली स्वतःचे विनियम काढले; त्यांविरुद्ध वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि तो वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. त्याच केबल नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. जाहिरात अवाजवी मोठ्या आवाजाची नसावी ही एक. आणि ती कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसावी, पडद्याच्या खालच्या भागात पट्ट्या सरकवून कार्यक्रमात व्यत्यय आणू नये ही दुसरी. आज रात्री दूरदर्शन संच लावून या दोन कलमांचे काय झाले ते वाचकांनी स्वतःच पाहावे.

प्रेक्षक मधली जाहिरात पळवू लागला, तेव्हा वाहिन्यांनी जाहिरात मधून काढून आत नेली. कार्यक्रमाच्या नावाआधी व्यापाऱ्याचे नाव आले, परीक्षकांच्या मेजावर पेयाची बाटली आली, पोर डोळे मिटून सूर लावीत असता त्याच्या पायांवरून पट्टी धावू लागली. पळवावयाचे तर गाणेच पळवावे लागेल, अशी ही व्यवस्था आहे. इंटरनेटवर तर बोट चालतच नाही. पंधरा सेकंद निमूटपणे बसावे, नाहीतर सुटकेसाठी निराळे पैसे मोजावे. प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून भारतात, वर्गणी भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखविण्यास आरंभ केला. त्या नको असल्यास वर आणखी वर्गणी!

येथे माझा एखादा जाणता वाचक म्हणेल, "मास्तर, तुम्ही दरबारी गवयाचे चिरंजीव; आश्रयदात्याच्या नावाचा विटाळ तुम्ही मानावा?" आक्षेप रास्त आहे. माझ्या वडिलांनी अगदी पोरवयात, संस्थाने विलीन होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षांत, दरबारात तंबोऱ्यावर बसून साथ केली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यांच्याकडून शिकलेल्या कितीतरी चिजांत राजाचे नाव आहे. सदारंगाने तर मुहम्मदशहा रंगील्याचे नाव आपल्या बंदिशींत असे गुंफले की, बादशाही गेली, दिल्ली बदलली, तरी तीन शतकांनंतर बालाघाटची मुले ते नाव घेऊन समेवर येतात. याहून टिकाऊ जाहिरात जगात झाली नसेल. गाणे कोणाच्या तरी पैशावर चालते, हे मी नाकारीत नाही. १९५२ साली आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो जाहिरातीवाचून, पण सरकारी तिजोरीवर. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा आश्रयदात्याचे आसन व्यापाऱ्याकडे गेले. १९८४ साली दूरदर्शनवरची 'हम लोग' मालिका शेवयांच्या पुरस्कर्त्यावरच उभी होती.

परंतु एक फरक आहे. बंदिशीतले राजाचे नाव लयीत येते, तालात बसते. त्यासाठी गाणे थांबत नाही की मोडत नाही. दुसरे असे की, राजा स्वतः समोर बसून ऐकत असे. वडील सांगत, महाराज लोडाला टेकून बसले की आलापीला धास्ती नसे. ते सरसावून बसले की गवई सावध होई, कारण आता चूक पकडली जाणार. आजचा आश्रयदाता ऐकत नाही, तो मोजतो. किती जणांनी कोणती वाहिनी पाहिली हे कळावे म्हणून बार्क ही संस्था वाहिन्यांच्या ध्वनीतच कानाला न कळणारी खूण मिसळवून घेते, आणि घरातले मापक ती खूण ओळखते. म्हणजे गाण्यातला जो भाग आपल्याला ऐकू येत नाही, तेवढाच त्याला ऐकावयाचा असतो! हा आश्रयदाता आलापाची किंमत कशी करणार? आलापात श्रोता उठून जाईल ही त्याची भीती. म्हणून स्पर्धांतून आलाप जातो, अडीच मिनिटांचे गाणे उरते, आणि माझा विद्यार्थी म्हणतो, सुरुवातीला काही नसते. तो खोटे बोलत नाही. त्याने पाहिलेल्या गाण्यांत सुरुवातीला खरोखरच काही नसते.

मग करावे काय? जाहिरात पळविणे ही चोरी आहे असे मी मुळीच मानीत नाही. दुकानदार ओरडला म्हणून गिऱ्हाइकाने थांबलेच पाहिजे असा कायदा नाही. पण नुसती पळवापळवी करून आपण मोकळे झालो असेही समजू नये, कारण आपण पळविलेली प्रत्येक जाहिरात दुसऱ्या दाराने आत आली आहे. पट्ट्यांविषयीचे कलम कागदावर आहे. ते पाळले जावे असे प्रेक्षकांनी लेखी मागितले पाहिजे. आणि जे गाणे अखंड हवे, त्याचे मोल स्वतः दिले पाहिजे. आपल्या संस्थानी शहरांतील जुन्या मराठी घरांना हे नवीन नाही. गणपतीत वाड्यावाड्यांतून बैठका होत, त्या कोण्या साबणवाल्याच्या जिवावर नव्हत. घरटी वर्गणी होती, गवयाच्या बिदागीत आजोबांचा वाटा होता. म्हणूनच तेथे रात्री दीड वाजताही कोणी आलापाला घाई करीत नसे. ज्याचा पैसा, त्याचा कान. हे सूत्र जुने आहे. पैसा आपला नसेल, तर कानही आपला राहणार नाही.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "जाहिरात खुशाल पळव. पण आधी ती जाहिरात आहे याची खात्री करून घे." आता दर शनिवारी वर्गात एक मुद्रण आरंभापासून अखेरपर्यंत लावतो. फोन मुद्रण उतरवून ठेवलेला, इंटरनेट बंद, आणि तो ठेवतो वडिलांच्या तंबोऱ्यामागे, कोणाचा हात पोहोचणार नाही असा. पहिल्या शनिवारी दोघे पेंगले. गेल्या शनिवारी मात्र बाविसाव्या मिनिटाला गवई वरच्या षड्जावर गेला, तेव्हा त्याच मुलाची मान आपोआप वर झाली. बोटे मांडीवर स्वस्थ होती.