कामठ्याचा बांबू दिवसाढवळ्या आणा

साथींनो, एका बांबूचा कामठा नि बांबूचीच दोरी, हे सातपुड्यात आपलं जुनंच. आता काही पोरं पट्ट्या चिकटवून कामठा करायला बघतात. करू द्या, चांगलं आहे. बांबूचं बळ सालीजवळ असतं. म्हणून निशाणाकडच्या पट्टीची साल ठेवायची, बाकीच्यांची तासायची. चकचकीत सालीवर गोंद धरत नाही, ओल्या पट्टीवर तर नाहीच. अॅराल्डाइट लावून सायकलच्या ट्यूबने आवळा, पक्कं सुकू द्या. पहिल्याच दिवशी कानापर्यंत ओढू नका, बोटबोट वाकवा.

पण बांबू रात्री लपून का आणायचा? १९२७ च्या इंग्रजी वन कायद्याने बांबूला झाड म्हटलं, तीच भीती अजून अंगात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, आणि त्यावर मालकी हक्क आपला धरलाय. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री, कुठलंही गाव असो, सामूहिक दावा टाकला नसेल तर आधी तो टाका. मंजूर असेल तर कुठल्या बेटातून किती बांबू काढायचे ते ग्रामसभेच्या ठरावात लिहा. आणि कोवळा तोडू नका. तीनेक वर्षांचा पक्का बांबूच कामठ्याला चालतो, कोवळ्याचा कामठा वाकतो तो वाकलेलाच राहतो.