अठ्ठावन्न ते सत्तर

राज्य शासनाचा कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, गट ‘ड’ मधला असेल तर ६० व्या. ज्या महिन्याच्या अखेरीस त्याला शाल-श्रीफळ मिळते, त्याच महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ हे त्याच्यापुरते संपतात. पस्तीस वर्षांत त्याने फार तर दोन-तीन मेडिकल बिले टाकलेली असतात. रक्तदाब, साखर, गुडघे, मोतीबिंदू, हृदयाची तपासणी हा सगळा खर्च खऱ्या अर्थाने सुरू व्हायचा असतो, आणि नेमक्या त्या वळणावर नियम त्याचा हात सोडतो. पुढे ७० वर्षे पूर्ण झाली की ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेले केंद्राचे आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता त्याला मिळते. मधली बारा वर्षे बहुतांशी त्याच्या खिशावर असतात. आमचे म्हणणे या बारा वर्षांबद्दल आहे. निवृत्तांच्या आरोग्याची मागणी ‘कॅशलेस’ या एका शब्दात बसवण्याची जी सवय संघटनांना लागली आहे, ती बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या उपयोगाची नाही. इथे पहिली मागणी दरमहा ठरावीक वैद्यकीय भत्त्याची आणि उपचारासाठीच्या प्रवासाची हवी. कॅशलेस त्यानंतर.

मलकापूरचे उदाहरण घ्या. भुसावळ विभागातल्या या स्टेशनवरून निवृत्त झालेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला सेवानिवृत्तांची आरोग्य योजना आहे, भुसावळला रेल्वेचे रुग्णालय आहे, शिवाय वर्षाचे मोफत पास आहेत. त्याच गावातल्या टपाल खात्याच्या निवृत्ताजवळ सीजीएचएसचा दवाखाना नाही. केंद्राची ही योजना १९५४ पासून चालते, पण ती मोठ्या शहरांपुरती आहे. मात्र दवाखाना नाही हे मान्य करूनच केंद्र त्याला दरमहा ठरावीक वैद्यकीय भत्ता देते. डिसेंबर १९९७ मध्ये तो १०० रुपये होता, सप्टेंबर २००८ पासून ३००, नोव्हेंबर २०१४ पासून ५०० आणि जुलै २०१७ पासून १,००० रुपये. बिल नाही, दाखला नाही, जिल्हा शल्य चिकित्सकांची सही नाही. निवृत्तिवेतनासोबत रक्कम खात्यात जमा होते. तिसरा निवृत्त राज्याचा: तलाठी, शिक्षक, परिचारिका किंवा आपल्यासारखाच एखादा आस्थापना लिपिक. त्याला यातले काही नाही. तिघेही एकाच औषध दुकानातून तीच गोळी विकत घेतात. केंद्राच्या भत्त्यामागचे तत्त्व साधे आहे, आणि तेच आम्हाला महत्त्वाचे वाटते. सरकारची सोय जिथे पोहोचत नाही, तिथे त्या न पोहोचण्याचे पैसे सरकारने द्यावेत. राज्याने आपल्या निवृत्तांबाबत हे तत्त्व स्वीकारलेले नाही.

सेवेतल्या कर्मचाऱ्याचे तरी सगळे सुरळीत चालले आहे असे कुणी समजू नये. ही फाईल रोज हाताळणाऱ्या वाचकांना ते सांगण्याची गरज नाही. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयाने २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी दिली आणि खासगी रुग्णालयातल्या खर्चाच्या प्रतिपूर्तीची वाट मोकळी केली. पण ही वाट आधी खर्च, मग कागद आणि शेवटी पैसा अशी आहे. मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड, आकस्मिकतेचा दाखला, चार प्रपत्रे, सामान्य रुग्णालयातून छाननी, मंजुरी, बीम्स प्रणालीवर अनुदान, कोषागार. यातल्या एकाही टप्प्यावर कुणाची बेइमानी असावी लागत नाही. वेळ आपोआप जातो. कोविड या यादीत आला तो डिसेंबर २०२० मध्ये, पहिली लाट ओसरू लागल्यावर. यादीच्या पद्धतीचा हा स्वभावच आहे, ती आजाराच्या मागून येते. तरीही सेवेतल्या माणसाला दर महिन्याच्या पगाराचा आधार असतो आणि उशिरा का होईना, बिलाची रक्कम मिळते. निवृत्ताला बिल टाकायलाच जागा नाही.

आता कॅशलेसबद्दल. इतर राज्यांनी ते केले आहे आणि त्यांचा अनुभव समोर आहे. केरळने १ जुलै २०२२ पासून मेडिसेप योजना लागू केली. कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक दोघेही तीत सक्तीने सामील झाले, तेव्हा हप्ता महिन्याला ५०० रुपये होता आणि संरक्षण वर्षाला तीन लाखांचे. राजस्थाननेही कर्मचारी व निवृत्तांना एकाच योजनेत घेतले, पण तिथे थकलेल्या रकमांवरून खासगी रुग्णालयांनी सेवा थांबवण्याचे इशारे दिले. आपल्याकडेही पोलिसांच्या कुटुंबांसाठी अशी योजना आहेच. या सगळ्यांना एक गोष्ट समान लागते: यादीवरचे रुग्णालय, तेही माणूस जिथे राहतो त्याच्या आवाक्यात. केरळात ते आहे, पुण्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि महानगरपालिका एकही नाही. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या बाजूच्या माणसाला हृदयाचे किंवा मेंदूचे काही झाले की तो जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतो. घाटाखालचा माणूस अकोला किंवा जळगाव. बुलढाणा ते संभाजीनगर हे अंतरच सुमारे दीडशे किलोमीटर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले हे खरे, पण महाविद्यालय सुरू होणे आणि तिथे हृदयरोग, मूत्रपिंडविकार व कर्करोगाचे पूर्ण विभाग उभे राहणे यांत बरीच वर्षे जातात. तोवर कॅशलेस कार्ड इथल्या निवृत्ताच्या पाकिटात असेल आणि ते चालणारे रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात.

यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप असा येतो की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्वांनाच आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाचा विचार न करता, पाच लाखांपर्यंत, राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली. मग निवृत्तांना वेगळे काय हवे? हा आक्षेप टोलवून लावण्यासारखा नाही. बायपास, अँजिओप्लास्टी, अपघातातली मोठी शस्त्रक्रिया यांपुरते निवृत्ताला आता संरक्षण आहे, आणि संघटनांच्या निवेदनांत याचा उल्लेखही नसतो हे त्यांच्या मागणीला कमकुवत करते. पण योजना चालते ती ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर आणि बहुतांशी रुग्णालयात दाखल होण्यावर. साठीतल्या माणसाचा खर्च वेगळ्या आकाराचा असतो. महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांनी रक्ततपासणी, सहा महिन्यांनी डॉक्टर, आणि प्रत्येक वेळी जाण्यायेण्याचे भाडे व सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस. शस्त्रक्रिया आयुष्यात एकदा होते, गोळी रोज लागते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातल्या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल वर्षानुवर्षे बोलले जाते. तिथल्या रुग्णाचे डायलिसिस मोफत झाले तरी आठवड्यातून दोन-तीनदा सोबत्याचे गाडीभाडे पडतेच. हा खर्च पॅकेजमध्ये बहुतांशी धरलेला नाही, आणि निवृत्तांसाठी २०१४ मध्ये आलेल्या समूह वैद्यकीय विम्यातही तो बसत नाही. त्या विम्याचा हप्ताही निवृत्ताने स्वतः भरायचा आहे. तो लाभ म्हणून मोजू नये, ती खरेदी आहे.

दुसरा आक्षेप वित्त विभागाचा. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसूल संपतो, नवा भत्ता कुठून द्यायचा? हिशेब करून पाहू. केंद्राच्या दराने एका निवृत्ताला वर्षाला १२,००० रुपये पडतात, म्हणजे दर एक लाख निवृत्तांमागे वर्षाला १२० कोटी. ही रक्कम लहान नाही, पण तिचा एक गुण आहे: ती आधीच ठाऊक असते. प्रतिपूर्तीचा खर्च किती होईल हे मार्चअखेरपर्यंत कुणालाच सांगता येत नाही, आणि त्यासाठी बिलामागे जे मनुष्यतास जातात त्यांची किंमत कुठल्याच लेखाशीर्षाखाली दिसत नाही. ठरावीक भत्त्याला छाननी लागत नाही, म्हणून खोटे बिलही लागत नाही. सुरुवात ६५ वर्षांपुढच्यांपासून करायची असेल तर तीही करता येईल, जरी आमच्या मते ती अर्धवट सुरुवात ठरेल. मोठे रुग्णालय नसलेल्या जिल्ह्यांपुरता भत्ता द्या, अशीही एक तडजोड सुचवली जाते. तत्त्वाला ती धरून आहे. पण कोणता निवृत्त कुठे ‘राहतो’ हे ठरवण्यात जेवढा कागद खर्च होईल, तेवढी बचत होणार नाही, हे आपल्यापैकी ज्यांनी घरभाडे भत्त्याचे वर्गीकरण हाताळले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

निवृत्तांना महागाई भत्ता मिळतोच की, असेही म्हटले जाते. मिळतो, पण तो वस्तूंच्या भावाची भरपाई करतो. ५८ व्या वर्षी एक गोळी लागत होती आणि ६८ व्या वर्षी पाच लागतात, ही वाढ भावाची नव्हे. वयाबरोबर गरज वाढते हे राज्याला मान्य नाही असेही नाही. ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात वाढ देण्याची तरतूद त्याच कारणाने आली. प्रश्न फक्त एवढाच की ही जाणीव ८० व्या वर्षीच का व्हावी.

न्यायालयात जाऊन हे मिळेल, अशी आशा काही निवृत्त मंडळी बाळगतात. शिवकांत झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये सांगितले की रुग्णालय यादीवर नाही एवढ्याच कारणाने केंद्राच्या निवृत्ताचा दावा फेटाळता येणार नाही. निकाल मोलाचा आहे, पण तो ज्याला योजना आहे त्याच्या कामाचा. उलट पंजाब राज्य विरुद्ध रामलुभाया बग्गा या १९९८ च्या निकालात, आपल्या आर्थिक कुवतीनुसार उपचारखर्चाच्या मर्यादा ठरवण्याचा राज्याचा अधिकार त्याच न्यायालयाने मान्य केला. म्हणून ही मागणी न्यायालयापेक्षा अर्थसंकल्पातच मांडावी लागेल, आणि ती मांडायला बळ लागेल. मार्च २०२३ च्या सात दिवसांच्या संपात जिल्ह्यातले कर्मचारी मोठ्या संख्येने उतरले. ते बळ पूर्णपणे जुन्या निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर खर्च झाले. तो प्रश्न मोठा होता यात वाद नाही. पण निवृत्तीनंतरच्या औषधांचा प्रश्न मागण्यांच्या यादीत तळाला राहिला, हेही खरेच आहे.

प्रवासाच्या लाभांचे चित्र याहून विचित्र आहे. सेवेत असताना दोन वर्षांतून एकदा स्वग्राम आणि चार वर्षांतून एकदा महाराष्ट्र दर्शनाची सवलत मिळते. राज्यभरातले कर्मचारी त्यावर लोणारचे सरोवर, शेगावचे मंदिर आणि सिंदखेड राजाचा राजवाडा पाहून जातात. लोणारचा स्वतःचा निवृत्त शिक्षक मात्र संभाजीनगरला तपासणीसाठी निघाला की भाडे पदरचे भरतो. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे. ती परत आली तरी दक्षिणेकडच्या तालुक्यांना तिचा उपयोग नाही, कारण लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा उत्तरेतूनच जातो आणि जलंबहून एक फाटा खामगावपर्यंत येऊन थांबतो. उरते एसटी. ६५ पासून निम्मे भाडे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील सर्वांना मोफत, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे. म्हणजे पुन्हा तीच पोकळी, ५८ ते ६५ चा पुरुष. इथे नवे काही शोधायचे नाही. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना एसटी भाड्यात सवलत देते, म्हणजे उपचारासाठीचा प्रवास हा उपचाराचाच भाग आहे हे राज्याने एका ठिकाणी कबूल केले आहे. सेवेत असताना स्वग्रामाचा जो दर होता, त्याच दराने वर्षातून दोन वेळा, शासकीय रुग्णालयाच्या संदर्भपत्रावर, निवृत्ताला आणि एका सोबत्याला एसटीचे भाडे द्यावे. पर्यटनासाठीची जुनी सवलत त्याने वापरली की नाही, याचा हिशेब ठेवण्याची गरजही नाही.

हे होईपर्यंत टेबलावर बसलेल्यांच्या हातात थोडे आहे, पण काही आहे. निवृत्तिवेतन प्रकरण महालेखापालांकडे, आपल्या बाबतीत नागपूरला, सहा महिने आधी पाठवायचे असते. त्याच फाईलमध्ये एक पान जोडावे: प्रलंबित मेडिकल बिलांची यादी, जन आरोग्य योजनेच्या कार्डाची स्थिती, समूह विमा घ्यायचा आहे की नाही आणि त्यासाठी अर्जाची मुदत. सेवेतल्या आजाराचे बिल निवृत्तीनंतर वर्षभर फिरत राहते, कारण ते मंजूर करणारा अधिकारी बदललेला असतो आणि ज्याचे बिल आहे तो माणूस कार्यालयात दिसत नाही. गंभीर आजारासाठी अग्रिमाची तरतूद आहे, हेही अनेक कार्यालयांत मागणारा आल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि मागणीचा मसुदा लिहिताना एक कलम आतापासूनच घालावे लागेल. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांपैकी जे अडतिशीच्या आसपास रुजू झाले, ते आता ५८ ला पोहोचत आहेत. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत राहिलेल्यांचे दरमहाचे पैसे कोषागारातून जात नाहीत, त्यामुळे ‘निवृत्तिवेतनासोबत भत्ता’ एवढेच लिहिले तर ते आपोआप वगळले जातील. त्यांचा भत्ता कोणत्या कार्यालयाने, कोणत्या लेखाशीर्षातून आणि हयातीचा दाखला कुठे घेऊन द्यायचा, हे मसुद्यातच स्पष्ट असायला हवे.