पाचशे मैल, नऊ वेळा

मंडळी, मूल शाळेतून निकाल घेऊन आलं की आपल्या घरात प्रश्न ठरलेला: "पहिला कोण आला?" एवढे समुद्र ओलांडून आलो, पण हा प्रश्न आपण लोणच्याच्या बरणीसारखा सामानात नीट गुंडाळून आणला. म्हणून या खेपेला इंडियानापोलिसच्या अशा एका ड्रायव्हरची गोष्ट, जो तिथे कधीच पहिला आला नाही. नाव टेड हॉर्न. रेसिंगवर तासभर बोलणारे आमचे ऑफिसातले दोस्तही या नावाला अडखळले.

जन्म १९१० चा, सिनसिनाटीचा. पुढे लॉस एंजेलिसला नोकरीवर जाताना गाडी भरधाव हाकली म्हणून पोलिसाने पकडलं, आणि एवढी हौस असेल तर रेसट्रॅकवर जाऊन भागव असं सुनावलं, अशी कथा सांगतात. गडी खरंच ट्रॅकवर गेला. तिथे अपघातात भाजला, पाय दुखावला, आईवडिलांनी गळ घातली तेव्हा काही वर्षं हे सगळं सोडलंही. पण खाज कसली जातेय!

इंडियानापोलिसला तो पहिल्यांदा उतरला १९३५ साली, हॅरी मिलरने बांधलेल्या फोर्ड व्ही-एट इंजिनाच्या गाडीतून. गाडी दिसायला देखणी, पण स्टिअरिंगचा गिअरबॉक्स एक्झॉस्टला खेटून बसवलेला. तापला की आवळायचा. घाईघाईत केलेल्या डिझाइनचं याहून चांगलं उदाहरण कॉलेजात शिकवायला मिळणार नाही! शर्यतीत उतरलेल्या अशा चारही गाड्या बाद झाल्या. हॉर्नची सर्वात शेवटी, १४५ फेऱ्यांनंतर.

आता पुढचं नीट वाचा. १९३६ साली तो दुसरा आला. (पहिल्या आलेल्या लुई मेयरने जिंकल्यावर बाटलीभर ताक प्यायलं. हो, ताकच! तिथे विजेत्याने दूध पिण्याची प्रथा त्यातूनच आली.) मग १९३७ ला तिसरा, १९३८, १९३९ आणि १९४० ला चौथा, १९४१ ला तिसरा. मध्ये युद्धामुळे चार वर्षं शर्यत बंद. पुन्हा १९४६ आणि १९४७ ला तिसरा, १९४८ ला चौथा. लागोपाठ नऊ शर्यती, आणि चौथ्याच्या खाली एकदाही नाही.

अडीच मैलांच्या दोनशे फेऱ्या म्हणजे पाचशे मैल. त्या काळी यात चार-साडेचार तास जायचे, तेही पॉवर स्टिअरिंगशिवाय. निम्म्याहून अधिक गाड्या वाटेतच मान टाकत. नऊ वर्षांच्या मिळून फेऱ्या होतात १८००, त्यातल्या हॉर्नने १७९९ पुऱ्या केल्या. राहिली ती एक १९४० सालची, पावसामुळे त्याला १९९ वर थांबवलं म्हणून. आमच्यासारख्या यंत्रवाल्याला हा आकडा कुठल्याही ट्रॉफीपेक्षा जास्त भुरळ घालतो.

बरं, हळू चालवून सांभाळून घेणारा म्हणावा, तर तसंही नाही. १९४७ ला सर्वात पुढच्या जागेवरून सुरुवात करायचा मान त्यानेच मिळवला होता. गाडी कुठली, तर विल्बर शॉने १९३९ आणि १९४० साली जिंकलेली मासेराती! तिनेही त्याला पहिलं येऊ दिलं नाही.

मात्र वर्षभराचं अजिंक्यपद गुणांवर ठरायचं, आणि तिथे शर्यत पुरी करणाऱ्याची किंमत होती. ते द्यायची ट्रिपल ए, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडल्यावर आपण फोन करतो तीच. १९४६, १९४७, १९४८ अशी ओळीने तीन अजिंक्यपदं हॉर्नने घेतली. ओळीने तीन त्याआधी कुणालाच जमली नव्हती. मातीच्या ट्रॅकवरच्या त्याच्या गाडीचं लाडाचं नाव 'बेबी'. तिची देखभाल न्यू जर्सीतल्या पॅटरसनला, रेसिंगवाल्यांच्या 'गॅसोलीन अ‍ॅली' नावाच्या गॅरेजवस्तीत होई. आपल्यातली कितीतरी कुटुंबं आज तिथून अर्ध्या तासावर राहतात.

माणूस भलता शकुन-अपशकुनवाला. हिरवा रंग नको, भुईमुगाच्या शेंगा आसपास नकोत, बुटात मात्र दहा सेंटचं नाणं हवंच. आपल्या आज्यांशी त्याचं छान जमलं असतं.

१० ऑक्टोबर १९४८ ला इलिनॉयमधल्या ड्यूक्वॉइनला, एक मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, शंभर मैलांची शर्यत होती. हॉर्नचं तिसरं अजिंक्यपद गुणांच्या हिशेबात आधीच पक्कं झालेलं होतं. दुसऱ्याच फेरीत चाकाचा स्पिंडल तुटला आणि गाडी उलथली. त्याच दिवशी तो गेला, वयाच्या ३८ व्या वर्षी. बुटातल्या नाण्याबद्दल पुढे नाना कथा रचल्या गेल्या. आमच्या मते धातू थकतो तेव्हा तो नाणं-शेंगा काही विचारत नाही. ड्यूक्वॉइनला त्याच्या नावाने शंभर मैलांची शर्यत ठेवली गेली, आणि ती दर खेपेला कुणीतरी जिंकत आलं.